फुनाबोरीची राजधानी

३० मार्च, रविवार. रक्कम एक लाख अठरा हजार येन. हजर: मी आणि घरमालकीण ओकादा-सान. जपानमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या तीन शाखांपैकी कोणीही नाही. टोकियोच्या फुनाबोरी भागातली आठ तातामी चटयांची खोली रिकामी करून मी किल्ल्या परत दिल्या आणि उरलेलं डिपॉझिट घेतलं. मूळ दीड लाख होते. बत्तीस हजार भिंतींचे कापले, कारण अकरा वर्षं मुलांनी त्यांवर मुळाक्षरांचे तक्ते चिकटवले होते.

असा निरोप याआधी एकदाच घेतला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, पुण्याहून, नवऱ्याच्या नोकरीमागे. दोन बॅगा, सेहेचाळीस किलो, त्यांतली नऊ किलो बाबांनी दिलेली गोष्टींची पुस्तकं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. टॅक्सी दाराशी येईपर्यंत ते जिना झाडत होते, म्हणून मी चिडले. ते म्हणाले, "जिना कोणाच्याच फ्लॅटमध्ये येत नाही गं. पण त्याच्यावाचून कोणी घरी पोचत नाही."

तेव्हा मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटला होता.

इथे आमचं मंडळ एकच होतं. फुनाबोरी, योकोहामा आणि नागोया या त्याच्या शाखा. घटनेत लिहिलं होतं की केंद्र फुनाबोरीत, म्हणजे ती खोली ही आमची राजधानी. मंडळाच्या नावावर कोणी जागा देईना, म्हणून करार माझ्या नावावर केला. भाडं तिन्ही शाखा भरत. गणपतीचं मखर तिथे, बाबांनी दिलेली पुस्तकं तिथे आणि दर शनिवारी मराठी शिकायला येणारी चौदा मुलंही तिथेच.

गेल्या वर्षी नागोयाच्या देवधरांनी नव्या घटनेचा मसुदा आणला. आता तिन्ही शाखा स्वतंत्र मंडळं. केंद्राला ती देतील तेवढेच अधिकार, तेही हवे तेव्हा परत घेता येतील. यात गैर काही नव्हतं. नागोयाचा कार्यक्रम टोकियोने का ठरवावा? पण बावीस कलमं मी चार वेळा वाचली. खोलीबद्दल एकही नव्हतं.

सभेत मी विचारलं, मग खोली कोणाची?

"वहिनी, फुनाबोरीत आहे म्हणजे फुनाबोरीची," देवधर हसून म्हणाले.

फुनाबोरीचे कुलकर्णी लगेच उठले. "ती केंद्राची. आम्ही एकट्यांनी भाडं का भरायचं?"

केंद्र तर त्याच ठरावाने नावापुरतं उरत होतं. मी तेविसावं कलम मांडलं: खोली तिघांची, एकाला परस्पर अंग काढून घेता येणार नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "राजधानी वहिनींना आंदण देऊन टाका." सगळे हसले. बाजूने चार मतं, विरोधात एकतीस. इंजिनियर आणि शास्त्रज्ञ ही माणसं. कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा हे न चुकता पाळतात, पण सगळ्यांची वस्तू कोणी सांभाळायची, हा प्रश्न त्यांना विनोदी वाटला.

नवी घटना मंजूर झाली आणि जानेवारीत तिन्ही मंडळांनी भाड्याचा आपापला हिस्सा बंद केला. मला एकटीला भाडं झेपणारं नव्हतं. शेवटच्या तासाला सात वर्षांच्या ईशाने जपानीत विचारलं, मग शनिवारी कुठे यायचं?

डिपॉझिट मिळाल्याचं मी ग्रुपवर कळवलं. तासाभरात तिन्ही अध्यक्षांचं एकच उत्तर: समान वाटे करा. खोली कोणाची ते वर्षभर ठरलं नव्हतं. डिपॉझिट कोणाचं ते तासाभरात ठरलं.

आता नऊ मुलं आमच्या घरच्या हॉलमध्ये बसतात. पाच यायची थांबली. घर कुठलं असं विचारलं की पूर्वी मी पुणे म्हणायचे, नंतर फुनाबोरी. आता पत्ता सांगून भागत नाही. जे कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही ते जिथे कोणीतरी झाडून ठेवतं, ते मला घर वाटतं. बाबांना हे सांगायचं राहून गेलं.

फुनाबोरी, योकोहामा आणि नागोयाला प्रत्येकी ३९,३३३ येन पाठवले. पाठवण्याची फी मी भरली. एक येन उरला. तो कोणालाही दिलेला नाही. तो केंद्राचा आहे.