दोन रेफरी पायजेत

पांढुर्ण्यात आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या लायनीत माझ्याएवढं इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात एमएस्सी करत होतो. स्पेनमधल्या एका संस्थेत संत्र्याच्या झाडांच्या रोगांचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. सगळा खर्च त्यांचा, पण जागा एकच. मामाच्या गावी, सौंसरला, चांगली हिरवीगार झाडं शेंड्याकडून वाळत येताना मी लहानपणापासून पाहिली होती. ती का वाळतात ते मला शिकायचंच होतं. विभागप्रमुखांनी फॉर्म हातात देऊन म्हटलं, "काही अडलं तर विचार." (विचारलं असतं तर हे लिहायची पाळी आली नसती.)

शनिवारी सकाळी घरी आलो. संध्याकाळच्या मेलनं पाकीट गेलं नाही तर मुदत हुकणार होती. आणि शेवटचं पान मी तेव्हा कुठे उघडलं. तिथे लिहिलं होतं, तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन रेफरींची पत्रं जोडा.

बाबा स्टेशनात पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. नुकतेच ड्यूटीवरून आलेले.

"रेफरी? मॅचचा?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"झाडाच्या रोगात रेफरी कायले पायजे बावा?"

घरात डिक्शनरी होती. पण जो शब्द येतो तो कशाला पाहायचा? मी समजावलं, "तिकडे फुटबॉलचं लय वेड आहे बाबा. माणूस कसा आहे ते मैदानावर समजते, म्हणून विचारून राहिले."

"बराबर आहे," बाबा म्हणाले. "आपल्या इकडे कॅरेक्टर सर्टिफिकेट न पाहताच देऊन टाकतेत. हे लोक हुशार दिसतेत."

माय चुलीजवळून म्हणाली, "माहा भाऊ आहे ना कबड्डीचा रेफरी. आत्ताच्या आत्ता सौंसरले जाय."

बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी उभाच होतो. शालिकमामा तहसील कचेरीत शिपाई. रविवारी गळ्यात शिट्टी. त्यांनी हात धुतले, कागद घेतला आणि विचारलं, "खेळ कोणता लिहू?"

"त्यायनं लिहिलं नाही मामा."

"मंग कबड्डीच लिहितो. वजन किती तुह्यं?"

"बावन्न किलो."

"पंचावन्न लिहितो. पोचेपर्यंत होऊन जाईन."

मी तिथेच त्याचं इंग्रजी केलं. त्यांनी खाली क्रीडा मंडळाचा गोल शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि म्हणाले, "दुसरा रेफरी टेकाडे सर. पांढुर्ण्यातच राहतेत. तुले त्यायच्याएवढं कोण ओळखते?"

टेकाडे सर म्हणजे आमचे शाळेतले पीटीचे मास्तर. दहावीत असताना कबड्डीच्या एका मॅचमध्ये त्यांनी मला आऊट दिलं, आणि मी मैदानाच्या मधल्या रेषेवर मांडी घालून बसलो. वीस मिनिटं. शेवटी दोन शिपायांनी मला उचलून नेलं, तेव्हाही माझी मांडी सुटली नव्हती. पण दुसरा रेफरी शोधायला वेळच कुठे होता?

परतीची बस लेट. धावत सरांच्या ओसरीवर पोचलो तेव्हा मेलला दीड तास उरला होता.

"तू तोच ना, रेषेवर बसणारा?" सर म्हणाले.

"हाव सर."

सरांनी सावकाश, मोत्यासारख्या अक्षरात मराठीत पत्र लिहिलं. नऊ वाक्यं. "आता याचं इंग्रजी कर, मी सही करतो."

पहिली पाच वाक्यं बरी होती. सहावं होतं, 'हा आऊट झाल्यावर मैदान सोडत नाही.' सातव्यात ती वीस मिनिटं होती. आठवं दुसऱ्या दिवसाचं होतं, ते मी घाईत कसंबसं ओढलं. माझा सगळा जीव त्या सहाव्या-सातव्यात अडकला होता. लाज वाटते सांगायला, पण मी ती दोन्ही गाळली.

सरांनी माझ्या इंग्रजीवर बोट ठेवून पूर्णविराम मोजले. "माही वाक्यं नऊ. तुही सात. दोन कुठे गेली?"

"सर, इंग्रजीत कधी कधी दोन वाक्यांचं मिळून एक..."

"मले इंग्रजी येत नाही," सर म्हणाले. "मोजता येते."

पुन्हा लिहिलं. नऊची नऊ. बाबांनी मेलच्या टपालाच्या डब्यात स्वतःच्या हातानं पाकीट टाकलं आणि गाडी तिगावकडे निघेपर्यंत हिरवी झेंडी दाखवत राहिले. (ती दाखवायची त्यांची ड्यूटी नव्हती.)

सोमवारी नागपुरात विभागप्रमुख म्हणाले, "रेफरी म्हणून कोणाकोणाची पत्रं जोडलीस?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरे गाढवा, रेफरी म्हणजे शिफारस करणारा, म्हणजे मी!"

पुढचे दोन महिने मी काय जगलो म्हणता. बाबांनी सगळ्या स्टेशनात सांगून ठेवलेलं. घरी जायची सोय नाही. पोस्टमन होस्टेलच्या फाटकात शिरला की मी जिन्यात, आणि तो गेला की पुन्हा खोलीत. आणि एक दिवस पत्र आलं. निवड झाली होती!

खाली संस्थेच्या संचालकांनी हातानं लिहिलं होतं: 'इतरांचे प्राध्यापक सगळे एकाच माणसाबद्दल लिहितात असं वाटलं. हुशार, कष्टाळू, निर्दोष. दुसऱ्या दिवशी रेफरीच्या घरी जाऊन "सर, मी आऊट होतो" असं सांगणारा एकच सापडला. प्रयोग फसल्यावर असाच माणूस लागतो.'

टेकाडे सरांना ते मराठीत वाचून दाखवलं. सरांनी एवढंच विचारलं, "नऊची नऊ पोचली ना?"

पत्रात ताजा कलमही होता: 'आमच्या फुटबॉल संघाला गोलकीपर नाही.'

तिथल्या पहिल्याच रविवारी मला गोलात उभं केलं. मी अर्ध्या तासात चार गोल खाल्ले. पाचवा रेषेच्या आत गेलाच नव्हता असं माझं ठाम मत होतं. रेफरी ऐकेना. मग मी गोलच्या रेषेवर मांडी घातली.

दुसऱ्या दिवशी संत्र्यांची एक पिशवी घेऊन मी त्या रेफरीच्या घरी गेलो. 'गोल झाला होता' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणतात ते या खेपेला मात्र आधी डिक्शनरीत पाहून घेतलं होतं.