एकच मंडळ, तीन उत्तरं: घाटकोपर, बोरिवली आणि मनोरी

“पंथ, क्लास की धर्म? सोमवारच्या सादरीकरणाआधी एक शब्द ठरव,” गाईड मॅडमनी बजावलं. माझा समाजशास्त्राचा प्रबंध मुंबईतल्या एका नव्या ध्यानमंडळावर आहे, आणि एवढं वाचूनही ते पुस्तकातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हतं. शेवटी शनिवारी मैत्रीण रेश्माच्या स्कूटरवर मुलुंडहून निघाले. मंडळाच्या तिन्ही शाखा डोळ्यांनी बघायच्या!

घाटकोपरला सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या, प्रोजेक्टर, श्वासाचे व्यायाम. देवाचं नाव नाही. संयोजक म्हणाले, “धर्मबिर्म काही नाही हो, हा क्लास आहे.” झकास! मिळालं उत्तर.

मग लिंक रोडने बोरिवली. (पवईला हमखास अडकायला होतं, पाणी जवळ ठेवा.) तिथे त्याच मंडळात गुरूंच्या फोटोला हार, आरती, प्रसादाचा शिरा. एक आजोबा ठामपणे म्हणाले, “पंथ आहे आमचा. घरी गणपती बसतो, पण दीक्षा इथली.” बाहेर वडापाव खाताना मी रेश्माला म्हटलं, “वाट लागली यार.”

रविवारी मार्वे जेट्टीवरून बोटीने मनोरी. तिकीट किरकोळ, स्कूटरही बोटीत चढते. मंडळाच्या बंगल्यात लग्न होतं. मुलगी बौद्ध, मुलगा मालवणी हिंदू घरातला. लग्न मान्य नाही म्हणून मुलाकडचं कोणीच आलं नव्हतं. मंडळाने स्वतःचा साधा विधी रचला होता: दोघांनी मिळून एक दिवा लावायचा आणि वचन द्यायचं.

मुलीच्या आईला विचारलं, “मावशी, हे मंडळ तुमचं कोण?”

“कोण म्हणजे? आजपासून धर्मच. पोरीसाठी दुसरं कोण उभं राहिलं गं?”

सोलकढीचा पेला हातातच राहिला. जे अजून घडतंय, त्यावर मी एकच शिक्का मारायला निघाले होते.

सोमवारी परीक्षक म्हणाले, “थोडक्यात, तुम्हाला ठरवता आलं नाही.”

“आलं, सर. घाटकोपरला तो क्लास आहे, बोरिवलीत पंथ आणि मनोरीत धर्म होऊ घातलाय. एकच शब्द लावला तर यातली दोन माणसं खोटी ठरतात. पण तिघंही खरंच बोलत होती.”

“मग कप्पे फेकून द्यायचे?”

“नाही सर. ते आहेत म्हणून तर चळवळ कुठून कुठे सरकतेय ते कळतं.”

ते मॅडमकडे वळले. “हे प्रकरण प्रबंधात सगळ्यात पुढे घ्या.” मॅडम चक्क टाळ्या वाजवत होत्या!

मुलुंडला घरी पोचते तोच कालच्या लग्नातल्या मावशींचा फोन. मुलाचे आईवडील त्यांच्याकडे जेवायला आले होते. मागे भांड्यांचा, हसण्याचा आवाज.

“सगळ्याला नावं शोधतेस ना? मग याला काय म्हणशील सांग.”

हे मात्र मला पटकन सांगता आलं. “याला सोयरीक म्हणतात, मावशी.”