शिट्टी बंद झाली तेव्हा

दवाखान्यातल्या त्या नर्सला सगळे मिनिटबाई म्हणत. तोंडावर नव्हे हो, एवढी कुणाची हिंमत! पेशंटच्या पोटाकडे टक लावून ती पुरतं एक मिनिट श्वास मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे तिच्या लेखी पक्के कामचुकार. मोजताना कुणी बोललं की खेकसायची, "गप्प बसा! चुकला की आकडा!"

पण नुसत्या आकड्यावरही तिचा भरवसा नव्हता. वीस दिवसांच्या बाळाचे श्वास पन्नास भरले म्हणून एका नव्या बापाचं धाबं दणाणलं, तर ही म्हणाली, "एवढ्याशा जिवाचे एवढेच असतात. तुमचे पन्नास भरले असते तर मी पळाले असते." म्हाताऱ्यांची तऱ्हा वेगळी. धाप लागली तरी कबूल करायचं नाही, "वय झालंय" म्हणून रेटायचं. त्यांना ती म्हणायची, "आजोबा, सुनेची एखादी तक्रार सांगा बघू." तक्रार तीन शब्दांत अडली की ही लगेच ऑक्सिजन लावायची.

त्या दिवशी दुपारी दोनला ती ड्यूटीवर आली. खिडकीजवळच्या खाटेवर दम्याची एक पाच वर्षांची मुलगी होती. सकाळपासून तिच्या छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती, औषधाची वाफ देऊनही थांबत नव्हती. तिची आई शिवणकाम करणारी, दोन दिवस पाठ टेकली नव्हती बिचारीची. मिनिटबाईला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"सिस्टर, हळू. शिट्टी बंद झाली. आत्ता कुठे डोळा लागलाय. झोपू द्या तिला."

बाईनं पोरीकडे पाहिलं. सकाळी अठ्ठेचाळीस श्वास लिहिले होते, आता जेमतेम वीस असतील. पण प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. तिनं स्टेथोस्कोप लावला. छाती वरखाली होत होती आणि आत काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी तिनं मिनिट पुरं केलं नाही.

"डॉक्टरांना बोलवा! पळा!" तिनं वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारली आणि पोरीला उठवून बसवलं, मास्क लावला, गालावर थोपटलं. "ए चिमणे, डोळे उघड!"

"अहो, झोपलेल्या लेकराला का छळताय?" आई चिडली. "बरं वाटतंय तिला!"

"बरं नाही वाटत, दमलीय ती. शिट्टी वाजायला आत हवा जावी लागते. हवाच जात नाहीये."

डॉक्टर धावत आले. शिरेतून इंजेक्शन गेलं, पुन्हा वाफ सुरू झाली. बाई पोरीच्या पाठीशी उशी होऊन बसली, स्टेथोस्कोप छातीवरून हलू देईना. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग फुंकरीएवढा बारीक आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती शिट्टी खणखणीत वाजायला लागली.

"अगं बाई, परत सुरू झालं!" आईनं डोक्याला हात लावला.

"वाजू दे! खुशाल वाजू दे!" मिनिटबाई हसत होती आणि डोळे पुसत होती. डॉक्टरही मान हलवून हसले. पोरीनं मास्क ओढून भोकाड पसरलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पोर नीट श्वास घेत खरोखरच झोपली. आई मात्र भिंतीकडे तोंड करून रडत होती. "मी तर झोपू द्या म्हणत होते हो, सिस्टर. आई असून मला कळलं नाही."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई तिच्याजवळ स्टुलावर बसली.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच एक लेकरू शांत झालं. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, आवाज करू नका. डॉक्टर सहज डोकावले म्हणून वाचलं ते. तुम्ही तर आई आहात. मी नर्स होते."