पेटीच्या भरवशावर

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से मात्र संपत नाहीत! साठच्या दशकात सिल्वासाच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाचे हे काही.

मुंबईहून आलेल्या आमच्या डॉक्टरांनी एक पेटी आणली होती. तोंड वाकडं झालेल्या माणसाच्या कानाखाली तार टेकवायची, हलका करंट सोडायचा आणि गाल किती करंटवर उडतो ते बघायचं. दोन्ही बाजूंत फरक थोडा असला की चेहरा सुधारणार. फार असला तर कठीण. पण गावात बातमी पसरली, खोटं पकडायचं मशीन आलंय! खरं सांगतो, मलाही त्या पेटीचा भरवसा नव्हता.

* * *

सुरंगीचा एक शेतकरी आला. डावा गाल लोंबलेला. डॉक्टरांनी तार उजवीकडे टेकवताच तो ताडकन उठला.

"साहेब, बिगडेली बाजू तर ही!"

"काका, आधी चांगली बाजू मोजायची. मग दुसरी तिच्याशी ताडून बघायची."

"समजला! एटले, म्हंजे, ही बी वाकडी करून दोन्ही सरखी करणार!"

त्याला परत खुर्चीत बसवायला मला दोनदा चहा पाजावा लागला.

* * *

दुधनीची एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचा चेहरा अगदी नीट.

"हिला तार लावा. चोरून दूध पिते का ते कळू दे!"

सून मान खाली घालून उभी. मला त्या बाईचा असा राग आला! डॉक्टर मात्र शांत. तार उचलून ते सासूकडे वळले.

"आमच्याकडे सुरुवात चांगल्या बाजूपासून करतात."

बाई फाटकापर्यंत पोचलीसुद्धा!

* * *

मग आमचे सामंत मास्तर. रत्नागिरीकडचे, इथल्या शाळेत शिकवायचे. साखरपुडा ठरलेला, आणि एका सकाळी उठून बघतात तर चेहऱ्याची उजवी बाजू गेलेली!

डॉक्टरांनी तपासलं. "फरक थोडाच आहे मास्तर. सुधारेल."

"पेटीला पुढचं कसं कळतं हो? ज्योतिषी निदान पत्रिका तरी मागतो!"

बोलून ते हसायला गेले, पण अर्धेच हसले. मला फार वाईट वाटलं.

* * *

दोन आठवड्यांनी मुलीचे वडील मुलीला घेऊन थेट दवाखान्यात हजर.

"पेटीच्या भरवशावर मुलगी द्यायची? आमच्या देखत मशीन लावा. गाल हलला नाही, तर साखरपुडा मोडला!"

मास्तर खुर्चीत बसले. डॉक्टरांनी उजव्या कानाखाली तार टेकवली. तेवढ्यात मुलगीच पुढे आली.

"'फणस' म्हणून दाखवा."

मास्तरांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. "हणस."

ती खळखळून हसली. तिला बघून मास्तरही हसले, आणि उजवीकडचा पडलेला कोपरा चक्क वर उडाला!

"वा!" वडिलांनी टाळीच वाजवली. "मशीन खरं बोलतं हो!"

डॉक्टर पेटीकडे बघत म्हणाले, "मी अजून बटण दाबलंच नाही!"