पश्चिमेची काच

मला वेगळ्या धाटणीची घरं आवडतात. गोल खोल्यांची, विटांच्या जाळीची, स्लॅबमध्ये कौलं भरलेली. सहलीत बाकीचे देवळं पाहतात, मी लोकांची घरं बघत फिरते. वर्ध्याजवळ पिपरी मेघेत प्लॉट घेतला तेव्हा मी हट्टच धरला. भिंतीत विटा कडेवर उभ्या लावल्या, म्हणजे मधे पोकळी राहते आणि ऊन आत पोचत नाही. प्लास्टर नाही, रंग नाही. काम इतकं देखणं झालं होतं की ते झाकणं जिवावर आलं.

वास्तुपूजनाला सगळं गणगोत जमलं. माझे मोठे दीर दारातच थबकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काऊन बाई, घर बांधलं का वीटभट्टी?" अख्खी पंगत हसली. नवराही हसला. मोठ्या दिरांना उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी मुकाट्याने बुंदी वाढत राहिले. त्या दिवसापासून घराचं नाव 'भट्टी' पडलं. सासरचे पत्ताही तसाच सांगत, "भट्टीपाशी येजो." कोण कोण हसलं ते मी विसरले नाही.

मग दिरांनी समोरच्याच प्लॉटवर बंगला बांधला. पश्चिमेची अख्खी भिंत निळ्या काचेची. "याले म्हणतेत मॉडर्न!" काचेची घरं मलाही आवडतात. पण वर्ध्याच्या मे महिन्यात, पश्चिमेला? मी वेळेवर सांगू शकले असते. सांगितलं नाही. "मस्त दिसते जी," एवढंच म्हणाले.

यंदा मे महिन्यात पुतणीचे होणारे सासरे लग्नाची तारीख ठरवायला हिंगणघाटहून पहिल्यांदाच यायचे होते, आणि त्याच सकाळी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. एसी बंद, कूलर बंद. दुपारी दीर घामाने निथळत माझ्या दारात.

"पाहुण्यायले तुह्या इथं बसवू का?"

"कुठं, भट्टीत?"

मी वाट पाहिली. शेवटी ते "हो" म्हणाले.

पाहुणे आले, टेकले, भिंतीला हात लावून पाहू लागले. "लाईट नाई तरी एवढं थंड! घर लय भारी बांधलं जी तुम्ही," व्याही दिरांना म्हणाले.

दिरांनी मान डोलावली. "हौ, आपलंच हाये."

पसंती कधीच झाली होती, पुतणीचं काही बिघडणार नव्हतं. नाहीतर मी गप्प बसले असते. बहुतेक. मी पन्ह्याचा ट्रे खाली ठेवला. "नाई जी, हे माह्यं घर. भाऊजींचं ते समोरचं, काचेचं. चला ना, पाहून घ्या."

ऊन कलून थेट काचेवर आलं होतं. व्याह्यांनी दिरांच्या हॉलमध्ये दोन पावलं टाकली, रुमाल काढला आणि अगदी भाबडेपणाने म्हणाले, "बापरे, भट्टीच हाये जी ही!"

कोणी हसलं नाही. मी हसले. मोठ्या दिरांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.