माळावरचा गरम झरा

“शिकलेल्या लेकानं देवाचा झरा सांगून आजारी बापाला साखर कारखान्याच्या चरात बुडवलं!”

आमचा चुलतभाऊ तात्या ही हकीकत प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो. (तेराव्यालाही सांगतो, लोक तिथेही हसतात!) चर होता, हे मला मान्य आहे. आबा त्यात बसले होते, हेही मान्य. परंतु मी आबांना फसवले, हे धादांत असत्य आहे.

सन एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. मी बारामतीस भूगोलाचा मास्तर. घर मात्र निरवांगीकडे. त्या पौषात माझ्या वडिलांचे गुडघे असे धरले, की आबा बाजेवरून उठेनात. मी रजेवर गेलो आणि पहिल्याच सकाळी उजाड माळावर एका घळीतून वाफ निघताना दिसली. पाण्यात हात घातला. ऊन! कोकणातली गरम पाण्याची कुंडे मी मुलांना शिकवीत असे. आता एक आमच्याच माळावर मी शोधले होते!

“आबा, पंधरा दिवसांत तुम्हांला चालवतो,” असा शब्द मी भरल्या घरात दिला.

रोज बैलगाडीतून नेऊन आबांना कमरेपर्यंत पाण्यात बसवू लागलो. तात्याने नाक मुरडले.

“मास्तर, ह्येला मळीचा वास येतुया.”

“तो गंधक!”

“ग्वाड गंधक?”

“गंधकाचे अनेक प्रकार असतात!” (नसतात.)

चौथ्या दिवशी काठच्या दगडाला कोणीतरी शेंदूर फासला. आठव्या दिवशी लांबच्या वस्त्यांवरून खरजेचे आणि वाताचे मिळून दोन गाड्या लोक आले. मी नारळ फोडला, भूगर्भावर व्याख्यान आरंभिले, आणि पाणी ओसरू लागले! पाहता पाहता चिखल उरला. मधोमध लंगोटीतले आबा, थंडीने कुडकुडत.

टेकाडामागून एक कामगार आला.

“गुर्जी, तुमचा द्येव आज बंद हाय. कारखान्यात साफसफाई चाललीया!”

माळभर हशा पिकला. मी आबांना उचलून गाडीत घातले. ते पुन्हा कधी चालले नाहीत; शिमग्याआधी गेले. त्याच धक्क्याने गेले, असे तात्या सांगतो.

गाडीत आमच्यात झालेले बोलणे तो सांगत नाही.

“आबा, चुकलो. मला ठाऊक नव्हतं.”

“मला व्हतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“पानी ऊन व्हतं. आन् तू इचारलंस कुठं?”

तेव्हा फसवणूक झाली असेल, तर ती कोणाची? मी बारामतीस भूगोल शिकवीत होतो, त्याच काळात तो चर आबांनी कारखान्याच्या रोजावर स्वतःच्या हातांनी खणला होता.