नानांच्या लघवीतले जंतू

माझ्या मोठ्या दिरांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. त्यांना नाना म्हणायचं, सणावाराला पाया पडायचं, तो भाग वेगळा. भडगावात त्यांचं औषधांचं दुकान. शिक्षण बारावी, तेही आर्ट्सचं. भिंतीवरचा परवाना दुसऱ्याच कुणाच्या नावाचा. पण काउंटरमागे उभे राहिले की चेहरा असा, जणू सिव्हिल सर्जन. सर्दी झालेला, पोट बिघडलेला, गळू झालेला, जो येईल त्याला अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या कात्रीने कापून देत. दोनच. ‘बरं वाटलं नाही तर परत ये.’

मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं काम बघते. रुग्णाची लघवी, पू, थुंकी छोट्या बशीत पेरायची, उबेत ठेवायची, कोणते जंतू उगवतात आणि कोणत्या औषधाने मरतात ते सांगायचं. नाना हेच चारचौघांत असं सांगत, ‘आमच्या घरची सून लोकांचं मूत उबवते.’ तेही पंगतीत, भरताचा घास तोंडात असताना.

एका दिवाळीत मी त्यांना समजवायला गेले. मूर्खपणाच तो.

‘नाना, सगळे जंतू वाईट नसतात. तुम्ही आत्ता भुरकताय ते ताक जंतूंनीच केलंय. आपल्या आतड्यात ते कोट्यवधी राहतात, पचनाला मदत करतात, बाहेरच्या वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीत बसून पिकाला नत्र देतात तेही जंतूच.’

‘मॅडम,’ नाना म्हणाले. मला ते मॅडम म्हणत तेव्हा त्यात मान नसे. ‘जंतू म्हंजे जंतू. बठ्ठा सारखाच शेतस, सगळे एका माळेचे मणी. मारून टाकायचे.’

‘तुम्ही कुठे मारता? दोन गोळ्यांनी मऊ तेवढे मरतात, चिवट उरतात. सगळं जुळून आलं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. मग सगळी पैदास त्या चिवटांचीच. आणि औषधाला पुरून उरायची युक्ती ते शेजारच्या जंतूलाही देतात.’

नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या नवऱ्याला विचारलं, ‘ही घरीपण असंच लेक्चर देते का रे?’ नवरा हसला. मला त्याचा राग आला नाही, कीव आली.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात नानांना लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. डॉक्टरकडे जातील तर ते नाना कसले! दुकानातलीच एक गोळी दोन दिवस घेतली, उतार पडला, बंद केली. ताप उलटला तशी दुसरी, त्याहून भारी. मग तिसरी. तीन आठवडे हा प्रयोग चालला. शेवटी जाऊबाईंचा फोन आला, ‘अगं, हे काहीबाही बरळायला लागलेत.’ त्यांना जळगावला आणून दवाखान्यात ठेवलं आणि त्यांच्या लघवीची बाटली नेमकी माझ्याच टेबलावर आली.

दुसऱ्या दिवशी बशीवर गुलाबी ठिपके उगवले. ई. कोलाय. आपल्याच आतड्यात गुपचूप राहणारा जंतू. मूत्रमार्गात शिरला की मात्र छळतो. मी तो नव्या बशीवर पसरला आणि वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. तिसऱ्या दिवशी झाकण उचललं. नानांच्या फळीवरचं एकेक औषध, आणि जंतू टिकलीला अगदी खेटून वाढलेले. वर्तुळं फक्त दोन, आणि ती दोन्ही औषधं दवाखान्यात शिरेतून द्यायची.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी नानांना धडा शिकवला होता. लगेच वॉर्डात फोन करून रिपोर्ट सांगितला, हे खरं; पण आधी मोबाईलवर बशीचा फोटो काढला, हेही खरं.

संध्याकाळी तो फोटो घेऊन गेले. नाना सलाईन लावून पडलेले, ओठ सुकलेले. मी फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ‘बघा. तुमच्या दुकानातल्या एकाही गोळीला ते भीत नाहीत.’

नानांनी डोळे बारीक केले. ‘बाटली बदलली असेल. तुमच्या लॅबमध्ये काय कमी घोळ होतात?’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, ‘मागे तुझ्या पोरीला बारावीच्या परीक्षेत सर्दी झाली, तेव्हा तूच फोन करून गोळ्या मागवल्या होत्यास ना? मीच पाठवल्या होत्या एस.टी.तून.’

मागवल्या होत्या. सर्दी विषाणूची, तिच्यावर या गोळ्या काहीच करत नाहीत, हे मी लॅबमध्ये नव्या मुलींना शिकवत असते. तरी पोरीला दोन दिवस दिल्या, नाक वाहायचं थांबलं, उरलेल्या कपाटात टाकल्या. नानांना हे ठाऊक तरी नव्हतं; मला होतं. मी फोटो बंद केला आणि सलाईनच्या थेंबांकडे बघत बसले.

इंजेक्शनं लागू पडली. दहाबारा दिवसांनी नाना घरी गेले.

महिन्याभराने मी भडगावला गेले तर ते काउंटरमागे उभे, जरा वाळलेले. एक बाई आली. ‘नाना, पोरले जुलाब लागनात, गोई द्या.’ नानांचा हात सवयीने गोळ्यांच्या फळीकडे गेला, मी दिसले, तसा खाली आला. त्यांनी ओआरएसची पुडी पुढे सरकवली. ‘हे पाण्यात कालवून थोडं थोडं पाज. रक्त पडलं तर डॉक्टरकडे ने.’

‘गोई नई का?’

‘नई.’

बाईने पुडी तशीच ठेवली, रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेली आणि दोन गोळ्या घेऊन बाहेर पडली.

‘बघितलं मॅडम?’ नाना म्हणाले.

मी पिशवी उचलली. माझ्या बसची वेळ झाली होती. मी निघाल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी काय दिलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.